दिवाळीच्या सुट्टीत वाइनचा प्रदेश निवडताना: आधी तारीख, मग गाडी, मग बाटली

प्रश्न थोडक्यात असा: दोन जोडपी, दिवाळीच्या सुट्टीत आठ रात्री, युरोप. चौघांतला एक जण अजिबात पीत नाही, एक जण शाकाहारी (अंडं चालतं, मासे चालत नाहीत). परदेशात गाडी चालवायला कुणी फारसं उत्सुक नाही. वाइनची ओळख नाशिकच्या वायनऱ्यांपुरती. डोक्यात फ्रान्समधलं बोर्दो आणि इटलीतली टस्कनी आहेत, पण दुसरं काही सुचवलं तरी चालेल.

तर थेट उत्तर: आल्सास. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचा ऱ्हाइन नदी आणि व्होज डोंगर यांच्यामधला चिंचोळा पट्टा. मुक्काम कोलमारला, शक्यतो आठही रात्री तिथेच. आणि दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर सहल दिवाळीनंतर न ठेवता आधी उरकून घ्या.

बहुतेक लोक प्रदेश निवडतात तो बाटलीवरच्या नावावरून. बोर्दो प्रसिद्ध, म्हणून बोर्दो. पण बोर्दोची वाइन मुंबईतही मिळते. तिथे जाऊन जे मिळवायचं ते म्हणजे बाग, तळघर आणि वाइन करणाऱ्या माणसाचा अर्धा तास. या तीन गोष्टी मिळणार की नाही हे ठरतं तुम्ही कोणत्या आठवड्यात जाता आणि गावातून गावात कसे फिरता यावर. चव त्यानंतर.

तारखेचं गणित आधी करू. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, तिची छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत होते. एप्रिलमध्ये फुटवे, जूनच्या आसपास फुलोरा, ऑगस्टात मण्यांना रंग, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी, मग पानं पिवळी-तांबडी होऊन नोव्हेंबरात गळतात. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात. त्यामुळे दिवाळीत नाशिकच्या बागेत कोवळे फुटवे आणि फवारणीची घाई असते, तर आल्सासमध्ये पिकाचं काम नुकतंच संपलेलं असतं.

दिवाळी मात्र एका जागी थांबत नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. हा मागेपुढे होणारा फरक तुमच्या सहलीत सगळ्यात महत्त्वाचा आहे. ऑक्टोबरचे शेवटचे दोन आठवडे उत्तम: डोंगरउतार सोनेरी, तळघरात नवी वाइन आंबत असलेली, आणि मालकाला बोलायला पुन्हा वेळ मिळालेला. पण ११ नोव्हेंबरनंतर चित्र बदलतं. पानं गळलेली, संध्याकाळी पाचलाच अंधार, आणि नोव्हेंबरअखेर नाताळचे बाजार सुरू होईपर्यंत छोट्या गावांतली बरीच हॉटेलं आणि खानावळी वार्षिक सुट्टीवर. म्हणून २०२६ साठी दसऱ्याच्या (२० ऑक्टोबर) आसपासचा आठवडा धरा. २०२७ मध्ये दिवाळीतच जाता येईल, फक्त १ नोव्हेंबर आणि ११ नोव्हेंबर या फ्रान्समधल्या सरकारी सुट्ट्या आहेत आणि १ नोव्हेंबरच्या आगेमागे शाळांनाही सुट्टी असते, हे लक्षात ठेवा. खोल्या महागतात आणि लवकर भरतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे आदल्या दिवशी साडेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य अचानक साडेपाचच्या आत मावळतो. बागेतून चालायचे बेत त्या हिशेबाने सकाळकडे सरकवा.

ऐन तोडणीत जावं का, असंही विचारतात. दिसायला छान असतं, ट्रॅक्टरच्या रांगा, रसाचा वास. पण लहान घरगुती वायनरीत तोडणीच्या तीन-चार आठवड्यांत तुम्हाला द्यायला कुणाकडे वेळ नसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तोडणी संपल्यावर जावं.

आता गाडी. चाखण्याच्या एका बैठकीत साधारण पाच वाइन मिळतात, प्रत्येकी ४० मिली धरली तर २०० मिली. दिवसात तीन ठिकाणं केली आणि सगळं गिळलं तर ६०० मिली, म्हणजे ७५० मिलीची बाटली जवळपास एकट्याने संपवली. फ्रान्स, इटली, जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल, सगळीकडे चालकाच्या रक्तातली मर्यादा एका लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि इटलीत परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य. न पिणारा मित्र गाडी चालवेल, हा सोयीचा तोडगा वाटतो, पण मग त्याची सुट्टी ड्रायव्हरची होते. तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने, अरुंद दगडी गल्ल्यांतून. त्याने स्वतःहून हौसेने म्हटलं असेल तरच. नाहीतर रेल्वेने जाता येईल असाच प्रदेश घ्यावा, आणि इथेच टस्कनी मागे पडते.

आल्सासचं रेल्वेजाळं या कामाला फार सोयीचं आहे. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनातून स्ट्रासबूर्ग टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास, तिथून कोलमार प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. झुरिचला उतरलात तर बाझेलमार्गे या, बाझेलहून कोलमार पाऊण तास. मुंबईहून पॅरिस, फ्रँकफर्ट आणि झुरिच तिन्हीकडे थेट विमानं आहेत. तिकीट जिथलं स्वस्त तिथे उतरा. कोलमारहून तुर्कहाइमला दहा मिनिटांची लोकल जाते. ओबेर्ने, बार, दांबाक-ला-व्हिल ही गावंही रेल्वेवर आहेत, ती स्ट्रासबूर्गकडून केलेली बरी. रिकव्हीर, रिबोव्हिले, कायसेर्सबेर्ग यांना कोलमारहून बस आहे, पण रविवारी आणि सरकारी सुट्टीला ती जवळपास नसतेच. म्हणून रविवार कोलमार शहरासाठी किंवा रेल्वेच्या गावासाठी ठेवायचा. बस परत कधी निघते हे सकाळी जातानाच थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. शेवटची बस चुकली तर त्या गावांत टॅक्सी रस्त्यावर उभी नसते, फोन करून बोलवावी लागते.

आणखी एक कारण, जे नव्याने शिकणाऱ्यासाठी मोठं आहे. नाशिकमध्ये तुम्ही शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ अशी द्राक्षाच्या नावाने वाइन मागता. बोर्दो आणि बरगंडीच्या बाटलीवर बहुधा फक्त जागेचं नाव असतं, द्राक्ष कोणतं ते तुम्हाला आधीच माहीत असावं अशी अपेक्षा. आल्सासमध्ये बाटलीवर द्राक्षाचं नाव लिहितात: सिल्व्हानेर, पिनो ब्लाँ, रीसलिंग, मुस्का, पिनो ग्री, गेव्युर्त्सट्रामिनेर आणि लाल वाइनसाठी पिनो न्वार. एवढी सात नावं पाठ केली की आठवडा निघतो. गोडवा किती, हा पूर्वी इथला मोठा गोंधळ होता. एकाच नावाच्या दोन बाटल्या, एक कोरडी, एक गोड. २०२१ च्या हंगामापासून साध्या आल्सास वाइनवर ते लिहिणं बंधनकारक झालं: सेक म्हणजे कोरडी, देमी-सेक थोडी गोड, म्वालो आणि दू त्याच्या पुढच्या. जुन्या बाटलीवर हे नसेल, तेव्हा विचारून घ्या.

ग्रां क्रू म्हणजे नाव नोंदलेले ५१ खास उतार. त्यातला एक तरी पायाखाली घालावा. त्यासाठी सगळ्यात चांगला दिवस असा: सकाळच्या बसने रिकव्हीरला उतरायचं, दुकानांच्या मुख्य रस्त्यावर वेळ न घालवता गावाच्या उत्तरेच्या तटाबाहेर पडायचं. समोर जो चढ उभा राहतो तो शोएननबूर. दक्षिणेकडे तोंड, म्हणून दिवसभर ऊन. खाली जिप्सम असलेली चिकण-चुनखडी माती, जी पाणी धरून ठेवते. व्होज डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतात, त्यामुळे कोलमारचा परिसर फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक आहे आणि अशा कोरड्या जागी पाणी धरणारी माती रीसलिंगला मानवते. चढून अर्ध्यावर आलात की वेलींमधून हुनाव्हीरचं तटबंदीचं चर्च दिसतं. तिकडे उतरा, गावातून पुढे रिबोव्हिले. सगळं मिळून पाचेक किलोमीटर, सावकाश दोन तास. वाटेत वेलीवर उरलेले घड दिसतील. तोडू नका, उशिराच्या गोड वाइनसाठी मुद्दाम ठेवलेले असू शकतात, आणि तसंही ते कुणाचं तरी पीक आहे. रिबोव्हिलेला १८९५ पासूनची सहकारी वायनरी आहे, द्राक्षबागायतदारांनी एकत्र येऊन उभी केलेली. सहकार काय असतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. तिथे नऊ-दहा वाइन एका छताखाली चाखता येतात, त्यामुळे ती पहिल्या दोन दिवसांत करावी आणि आवडलेल्या द्राक्षांच्या मागे लागून मग घरगुती वायनऱ्यांकडे वळावं.

घरगुती वायनरीची पद्धत ठाऊक असली की अवघडल्यासारखं होत नाही. दारावर किंवा फाटकावर चाखायला मिळतं अशी पाटी असते. दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी, ती काटेकोर पाळतात. पावणेबाराला जाऊन बेल वाजवणं म्हणजे त्यांच्या ताटावरून त्यांना उठवणं. चौघे जात असाल तर दोन दिवस आधी ईमेल करा: तारीख, वेळ, किती माणसं, इंग्रजी चालेल का. बरेच जण चाखण्याचे पैसे घेत नाहीत किंवा अगदी थोडे घेतात, पण मग दोन बाटल्या घेऊन निघायचं हा अलिखित रिवाज. साधी रीसलिंग आठ ते बारा युरो, ग्रां क्रू वीसच्या पुढे, असा अंदाज धरा. परफ्युम किंवा अत्तर त्या दिवशी लावू नका. त्या छोट्या खोलीत चौघांचं चाखणं बिघडतं.

चाखण्याचा क्रम मालक ठरवेल, तो मोडू नका. सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लाँ, मग रीसलिंग, मग ग्रां क्रू रीसलिंग, पिनो ग्री, शेवटी गेव्युर्त्सट्रामिनेर आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. गोड आधी घेतली की नंतरची कोरडी नुसती आंबट लागते आणि तुम्ही चांगल्या वाइनला नावं ठेवून परत येता. टेबलावर पिकदाणी असते ती वापरण्यासाठीच. तोंडात घोळवून थुंकणं तिथे असभ्य नाही, उलट हा माणूस गंभीरपणे चाखतोय असं समजतात. दिवसाला दोन वायनऱ्या, फार तर तीन. चौथीला जीभ बधिर झालेली असते आणि सगळं सारखंच लागतं. न पिणाऱ्या मित्राला विचारून द्राक्षाचा रस मागवा, बरेच जण ठेवतात. शिवाय ही गावं आणि पायवाटा त्याला वाइनशिवायही पुरतात, बोर्दोबद्दल असं म्हणता येणार नाही.

जेवणात शाकाहारी माणसाला सांभाळावं लागेल. आल्सासचं खाणं मांसाचं आहे, आणि जे दिसायला शाकाहारी त्यातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे लपलेले असतात. तार्त फ्लाँबे, म्हणजे पातळ पोळीवर मलई आणि कांदा, ही मूळची त्या तुकड्यांसहच येते. 'सां लार्दों' असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी त्यांच्याशिवाय करून देतात, मशरूमचीही मिळते. कांद्याच्या तार्तबद्दलही आधी विचारा. बिबेलेसकेस नावाचा प्रकार हमखास आवडेल: ताज्या, सैलसर चक्क्यासारखं चीज, त्यात लसूण आणि पातीची बारीक चिरलेली हिरवी पानं, सोबत परतलेले बटाटे. चीजमधलं रेनेट (दूध गोठवणारं, बहुधा वासराच्या पोटातलं द्रव्य) आणि वाइन नितळ करायला वापरतात ते अंड्याचं पांढरं किंवा माशाचं जिलेटिन, यांचाही ज्यांना विधिनिषेध आहे त्यांनी बाटलीवर व्हेगन असं लिहिलेलं बघावं. गेव्युर्त्सट्रामिनेरला लिची आणि गुलाबाचा वास असतो, गोडवाही थोडा असतो. मसालेदार जेवणाबरोबर जाणाऱ्या मोजक्या वाइनपैकी ती एक, म्हणून घरी आणायची बाटली तिची निवडावी असं माझं मत.

आता तुमच्या यादीतली दोन. बोर्दो हा पहिल्या सहलीचा प्रदेश नव्हे. १८५५ च्या वर्गवारीतल्या मेदोक या बोर्दोच्या भागातल्या बड्या शातोंची (म्हणजे बागेसह वायनऱ्यांची) आधी वेळ घ्यावी लागते, आणि त्यांची विक्री व्यापाऱ्यांमार्फत होत असल्यामुळे अनेक ठिकाणी दारात बाटली विकतही मिळत नाही. मेदोकचा भूभाग सपाट, शातो एकमेकांपासून लांब. गाडीशिवाय हाती फारसं लागत नाही. गेलातच तर बोर्दो शहरात राहून, २०१६ ला उघडलेलं सिते द्यु व्हँ हे वाइनचं संग्रहालय आणि रेल्वेने सेंत-एमिलियों, एवढ्यावर समाधान माना. स्टेशनपासून सेंत-एमिलियों गाव चालत वीसेक मिनिटं, तेवढं धरून ठेवा.

टस्कनी सुंदर आहे, शाकाहाऱ्यासाठी आल्सासपेक्षा कितीतरी सोपी आहे (रिबोलिता, पाप्पा आल पोमोदोरो, दोन्हींत ब्रेड आणि भाज्या), पण फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या किआंतीच्या डोंगरातून रेल्वे जात नाही आणि बस मोजक्या. गाडी घेतलीच तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, इटलीत तो लागतो. शहरांच्या जुन्या भागात झेड-टी-एल नावाचं बंदीक्षेत्र असतं, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, दंड काही महिन्यांनी येतो आणि गाडी देणारी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल वेगळे पैसे कार्डावरून कापते.  गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावायची, एवढंच त्यावर औषध. ड्रायव्हरसह एका दिवसाची सहल चौघांत वाटून घेणं बहुधा स्वस्त पडतं.

तुमच्यासारख्यांना आल्सासच्या तोडीचा दुसरा पर्याय म्हणजे पोर्तुगालमधली दोउरो नदीची दरी. पोर्तोहून पिन्याओपर्यंत अडीच तासांच्या आसपासची रेल्वे, जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा, नदी त्या बाजूला असते. पण ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला करण्याजोगी, पुढे पाऊस. जर्मनीतली मोझेल नदीची दरीही चांगली, पण कोब्लेन्झहून ट्रियरला जाणारी रेल्वे बुलाय गावानंतर नदी सोडते, आणि बेर्नकास्टेलसारखी नावाजलेली गावं बसवर अवलंबून राहतात.

सुट्टी नाताळात असती तर उत्तर वेगळं दिलं असतं. तेव्हा युरोप बंद आणि दक्षिण गोलार्ध ऐन उन्हाळ्यात. केपटाऊनजवळच्या फ्रान्सहुकमध्ये वायनऱ्यांना जोडणारी वाइन ट्राम आहे, चढा-उतरा पद्धतीची, आणि वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नातेवाईक असतील तर यारा व्हॅली तासाभरावर. मात्र यारामध्ये फायलोक्सेरा हा मुळं खाणारा कीटक आहे आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातली बरोसा अजून त्यापासून मुक्त. दोन्हीकडे जाणार असाल तर यारातले मातीचे बूट बरोसात नेऊ नका, आणि कुठेही न विचारता वेलींच्या ओळीत शिरू नका. मे-जूनमध्ये मुलांकडे कॅलिफोर्नियाला गेलेल्या आईवडिलांनी नापाच्या गर्दीत आणि महागड्या टेस्टिंगमध्ये पडण्याआधी प्लेझंटनला लागून असलेली लिव्हरमोर व्हॅली बघावी. वेंटी आणि कॉन्कॅनन या दोन्ही वायनऱ्या तिथे १८८३ मध्ये सुरू झाल्या.

तयारीचा क्रम: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, सगळ्या रात्री फ्रान्समध्ये असल्याने अर्ज फ्रान्सकडे. त्याआधी कोलमारची खोली, रद्द करता येईल अशी. जुन्या शहराच्या मधोमध घेण्यापेक्षा स्टेशन आणि जुनं शहर यांच्या मध्ये घ्या, रोज बस-रेल्वे पकडायची आहे. विमान उतरल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वायनरी ठेवू नका. जेट लॅगमध्ये जीभ काम करत नाही आणि रिकाम्या पोटी दोन घोटही चढतात.

परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य भारतात शुल्काशिवाय आणता येतं. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे मर्यादेबाहेर. चौघांच्या आठ बाटल्या पुरे होतात. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, चेक-इन सामानातच ठेवायची, हातातल्या सामानातून जाणार नाही. आल्सासची बाटली नेहमीच्या बाटलीपेक्षा उंच आणि निमुळती असते, ती साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसत नाही. फुगवायची किंवा फोमची पिशवी घेताना लांबी बघून घ्या, बाटली बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवा, मानेभोवती मोजे गुंडाळा. फुटते ती नेहमी मानेपाशीच.